काळा अंगठा कुठल्या पानापर्यंत?

‘पुस्तक सुचवा’: वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालबाईंची उत्तरं

(या वेळी आलेली बहुतेक पत्रं नोकरीबद्दल आहेत. बढती, बदल, परत सुरुवात. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.)

मी २५ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला एका कंपनीत डिझाइन विभागात आहे. गेल्या वर्षभरात करिअरवरची ११ पुस्तकं विकत घेतली. सवयी, यशाचे मंत्र, पहाटे पाचला उठणं, सगळं. त्यातली ८ अर्धवट पडली आहेत. सर्वोत्तम १० पुस्तकांची क्रमवार यादी द्याल का?

यादी देत नाही. का देत नाही, ते सांगते.

नाशिकजवळच्या सातपूरच्या एका कारखान्यातल्या कामगार वाचनालयात मी २७ वर्षं काढली. कॅन्टीनच्या वर, जिन्यालगतची एक खोली. पहिली पाळी सुटली की माणसं तशीच वर यायची. हात धुतलेले असले तरी कटिंग ऑइलचा काळेपणा नखांच्या कडेला राहतोच. परत आलेल्या पुस्तकाची तारीख मी नंतर बघायची, आधी पानांची कड बघायची. यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांची कड पहिल्या तीस-चाळीस पानांपर्यंत काळी असे आणि तिथून पुढे पांढरीशुभ्र, आत्ताच छापखान्यातून आल्यासारखी. फिटर ट्रेडच्या थिअरीचं एक जाडजूड पुस्तक मात्र शेवटच्या तक्त्यापर्यंत काळं होतं. त्यातलं टॅप ड्रिलचं पान (आटे पाडण्याआधी किती मापाचं भोक घ्यायचं, म्हणजे एम-१०च्या आट्यांना साडेआठचं ड्रिल, तोच तक्ता) मी दोनदा चिकटवलं आणि पुस्तकाला तीनदा बाइंडिंग केलं.

माणसं आळशी होती म्हणून पहिली पुस्तकं अर्धवट राहिली, असं मला कधीच वाटलं नाही. तीच माणसं, तेच अंगठे. फरक एवढाच, की थिअरीचं पुस्तक न्यायला येणाऱ्याचं काहीतरी सकाळीच अडलेलं असायचं.

तुमच्या पत्रात ११ पुस्तकांचा हिशेब आहे, पण तुम्ही दिवसभर काय करता याची एक ओळ नाही. ड्रॉइंग परत येतात का? येत असतील तर टॉलरन्समुळे की मटेरियलमुळे? मीटिंगमध्ये तुमचं म्हणणं कुणी ऐकत नाही का? की काम चांगलं जमतंय, पण जीव रमत नाही? या प्रत्येकाचं पुस्तक वेगळं आहे, आणि पहिल्याचं तर ‘करिअर’च्या कपाटात नाहीच. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात तुमची ११ पुस्तकं १५८ आणि ६५०.१ या दोन आकड्यांत बसतील. तुमचं खरं कपाट ६२०च्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या घरात आहे, आणि तिथे तुम्ही कॉलेज सुटल्यापासून गेलेला नसाल अशी मला शंका आहे.

तरी रिकाम्या हातानं पाठवत नाही. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांचा ‘मॅनेजिंग वनसेल्फ’ हा लेख वाचा. १९९९ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आला आणि पुढे छोट्या पुस्तिकेच्या रूपातही निघाला. तासाभरात संपतो, म्हणजे अर्धवट पडायची भीती नाही. त्यातलं एकच करा. महत्त्वाचा निर्णय घेताना, त्यातून काय होईल असं वाटतं ते कागदावर लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी उघडून बघायचं. ड्रकर स्वतः हे वर्षानुवर्षं करत. आपण कशात बरे आहोत हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळंच निघतं, असा त्यांचा अनुभव. मी हे पुस्तकखरेदीच्या बाबतीत करून पाहिलं. कुठली पुस्तकं हातोहात जातील याचा माझा अंदाज निम्म्या वेळा सपशेल चुकला होता.

सवयींचं पुस्तक बहुतेक जेम्स क्लिअर यांचं ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ असावं. ते वाईट नाही. जुन्या सवयीला नवी सवय जोडायची, एवढी युक्ती त्यातून घ्या. पहाटे पाचचं पुस्तक कुणाला तरी देऊन टाका. कंपनीची बस गाठायला तुम्ही तसेही साडेपाचला उठत असाल.

मी आयटीआय टर्नर. अंबडला एका कारखान्यात ९ वर्षं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंगचं मशीन) चालवली. गेल्या दिवाळीत सुपरवायझर केलं. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ते आता “साहेब आले, साहेब आले” म्हणून हसतात. वरून डिस्पॅच रोज मागे. सगळी मशिनं चालू असतात तरी माल निघत नाही. मॅनेजमेंटचं सोपं पुस्तक सांगा. इंग्रजी जेमतेम आहे.

तुमचं पत्र आल्या आल्या एका ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. “सगळी मशिनं चालू असतात तरी माल निघत नाही.” या एका ओळीवर अख्खी कादंबरी आहे. ‘द गोल’, एलियाहू गोल्डरॅट आणि जेफ कॉक्स, १९८४. गोल्डरॅट मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. कारखाना कसा चालतो हे सांगायला त्यांनी गोष्ट लिहिली. ॲलेक्स रोगो नावाच्या प्लँट मॅनेजरला वरिष्ठ तीन महिने देतात. सुधारा, नाहीतर कारखाना बंद. घरी बायकोशी बिनसलेलं, कारखान्यात तयार होत आलेल्या मालाचे ढीग, आणि ऑर्डरी उशिरानं.

त्यातला एक प्रसंग सांगते. ॲलेक्स शाळकरी स्काउटांना घेऊन डोंगरात पायी निघतो. रांगेत हर्बी नावाचा एक जाडसर मुलगा आहे, सगळ्यात हळू चालणारा. पुढची मुलं झपाझप जातात, मागची अडकतात, रांग लांबत जाते. ॲलेक्स शेवटी हर्बीला सगळ्यांच्या पुढे आणतो. रांग एकत्र राहते, पण वेग हर्बीचाच. मग त्याची पाठपिशवी उघडून त्यातलं ओझं बाकीच्यांत वाटतो. हर्बी हलका झाला की सगळी रांगच वेग घेते. ॲलेक्स परत येतो आणि कारखान्यात हर्बी शोधायला लागतो. त्याला दोन सापडतात, एनसीएक्स-१० नावाचं मशीन आणि हीट ट्रीटमेंटची भट्टी. आणि कळतं काय? एवढं मोलाचं ते मशीन जेवणाच्या सुट्टीत उभं राहतं! शिवाय जे पार्ट पुढे रिजेक्ट होणार आहेत, त्यांच्यावरही त्याच मशीनचा वेळ जातो, कारण तपासणी नंतर होते.

आता तुमचं. उद्या पाळी सुरू झाली की मशिनं बघू नका. मशिनांसमोरचे क्रेट बघा. सगळ्यात उंच ढीग कुणासमोर लागतो? तो तुमचा हर्बी. आठवडाभर खिशात चाळीस पानी वही ठेवा आणि त्या एकाच मशिनाची नोंद करा. डब्याच्या सुट्टीत ते उभं राहिलं का? इन्सर्ट (कापायच्या हत्याराचं बदलायचं पातं) स्टोअरमधून यायला किती वेळ लागला? सेटिंग झाल्यावर पहिला पीस क्वालिटीच्या टेबलावर किती वेळ पडून होता? आठवड्यानं वही घेऊन मॅनेजरकडे जा. “साहेब, मशीन नवीन घ्या” म्हणू नका, वही दाखवा.

इंग्रजीची काळजी नको. पुस्तकात संवादच जास्त आहेत, आणि बॅच, सेटअप, इन्व्हेंटरी, शिफ्ट हे शब्द तुम्ही रोज बोलता. रोज चार पानं वाचा. अडलेला शब्द जाऊ द्या, पुढच्या पानावर तो आपोआप कळतो.

राहिला “साहेब आले”चा प्रश्न. अँडी ग्रोव्ह हे इंटेलचे प्रमुख होते. त्यांचं ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ (१९८३) हे पुस्तक तुम्हाला वर्षभरानं वाचायला सांगेन. आत्ता त्यातलं एवढंच घ्या. हाताखालच्या प्रत्येकाशी ठरवून, एकट्याशी, निवांत बोला, आणि विषय त्याला काढू द्या. ग्रोव्ह म्हणतात की ती बैठक साहेबाची नसते, समोरच्याची असते. जेवायला जुन्याच टेबलावर बसायचं की वेगळ्या, हे मात्र कुठलंच पुस्तक सांगत नाही. बसा जुन्याच टेबलावर. आमच्याकडे एक ऑपरेटर असाच चार्जहँड, म्हणजे गटप्रमुख, झाला होता. त्यानं ओव्हरटाइमची यादी खिशात ठेवायच्या ऐवजी सगळ्यांना दिसेल अशी फळ्यावर लावायला सुरुवात केली. लोक त्याला “साहेब” म्हणायचे थांबले नाहीत. पंधरा दिवसांत त्यातला टोमणा तेवढा गेला.

एका ॲपवर १५ मिनिटांत पुस्तकाचा सारांश ऐकायला मिळतो. ठाणे ते सीएसएमटी प्रवासात मी दोन-तीन पुस्तकं ‘संपवते’. चालेल ना?

पुस्तक घ्यायचं की नाही हे ठरवायला चालेल. मीही आधी मलपृष्ठ वाचूनच ठरवते. पण वरच्या उत्तरातलं जेवणाच्या सुट्टीत उभं राहणारं मशीन सारांशात येत नाही. तिथे “अडथळा शोधा” एवढंच येतं, आणि ते तुम्हाला-मला आधीच माहीत असतं. ऐकून चांगलं लक्षात राहणारी माणसं असतात. ड्रकरही वाचणारे आणि ऐकणारे असे दोन प्रकार सांगतात. तुम्ही दुसऱ्या प्रकारातल्या असाल तर अख्खं पुस्तक ऐका. घाटकोपरला संपलं नाही तर नाही.

मी सांगलीची. बी.कॉम. आहे, ७ वर्षं अकाउंट्सचं काम केलं. २०१६मध्ये मुलीच्या वेळी नोकरी सोडली. आता परत सुरू करायचं आहे, पण मुलाखतीच्या नुसत्या विचारानं पोटात गोळा येतो. आत्मविश्वास वाढवणारं पुस्तक सुचवा, ताई.

आत्मविश्वासाचं पुस्तक देत नाही. तो गोळा बिनबुडाचा नाही म्हणून. तुम्ही २०१६मध्ये घरी बसलात आणि जीएसटी १ जुलै २०१७ला आला. व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स हे तुमचं सगळं जग तुमच्या पाठीमागे मोडून टाकलं गेलं. सकाळी आरशात बघून “मला जमेल” म्हटल्यानं २बीची (जीएसटीतल्या खरेदीच्या तपशिलाची) जुळवणी येत नाही.

पण दुसरी बाजूही बघा. १९६१चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६पासून २०२५चा कायदा लागू होतो. ‘प्रीव्हिअस इयर’ आणि ‘असेसमेंट इयर’ हा आपल्या डोक्याला ताप देणारा जोड गेला, आता नुसतं ‘टॅक्स इयर’. कलमांचे आकडे बदलले. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक माल ५ आणि १८मध्ये आला. म्हणजे वीस वर्षं खुर्ची न सोडलेले हेडक्लार्कही पुन्हा पहिलीत बसले आहेत. तुम्ही त्यांच्या शेजारच्या बाकावर बसायचं.

म्हणून पहिलं पुस्तक चालू वर्षाचं, जीएसटीच्या प्रत्यक्ष कामाचं घ्या. दुकानात मुखपृष्ठावरचं साल बघा, लेखक नंतर. करांची जुनी पुस्तकं मी दरवर्षी निर्दयपणे कपाटातून काढायची. चुकीचा दर शिकवणारं पुस्तक नसलेलं बरं.

दुसरं पुस्तक रिचर्ड बोल्स यांचं ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’. नाव विचित्र आहे खरं. बोल्स हे अमेरिकेतले धर्मगुरू. चर्चच्या खर्चकपातीत त्यांची स्वतःची नोकरी गेली. तशाच बेकार झालेल्या सहकाऱ्यांसाठी त्यांनी १९७०मध्ये हे पुस्तक स्वतःच छापून वाटलं. १९७२मध्ये ते बाजारात आलं आणि पुढे ते वर्षानुवर्षं त्यात सुधारणा करत राहिले. त्यातली अमेरिकन पद्धतीची अर्जाची प्रकरणं सोडून द्या. एक गोष्ट मात्र सांगलीतही चालते. नोकरी मागायला जाण्याआधी, ते काम करणाऱ्या दोन-चार माणसांना नुसतं भेटायचं. वीस मिनिटं. “मला नोकरी द्या” हा शब्द काढायचा नाही. “तुमचा दिवस कसा जातो, महिन्यातले कुठले चार दिवस जड जातात, नवीन माणसाला काय येत नसतं?” एवढंच विचारायचं.

मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या अडतीवर जा, एखाद्या सीएच्या ऑफिसात जा. फक्त ११ किंवा २० तारखेच्या आसपास जाऊ नका, तेव्हा रिटर्नची घाई असते. आणि ही गोष्ट तुम्हाला आधीच माहीत असेल तर आणखी चांगलं. मुलाखतीत तेच सांगा, की मी ११ आणि २० टाळून भेटायला आले होते.

मी बुलडाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. माझ्या टिपण्या साहेब लाल शाई करून परत पाठवतात. नुसतं “चर्चा करावी” एवढंच लिहितात. विभागीय परीक्षाही द्यायची आहे. व्यक्तिमत्त्व विकासाचं एखादं पुस्तक…

व्यक्तिमत्त्व राहू द्या, टिपणी दाखवा. तुम्ही नमुना जोडलात हे फार बरं केलंत. त्यातलं पहिलं वाक्य:

“उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदरहू शाळेच्या छताच्या दुरूस्तीच्या अनुषंगाने निधी उपलब्ध होणेबाबतची कार्यवाही करण्यात येणे आवश्यक असून त्याकरीता मंजूरी मिळणेस विनंती आहे.”

हे वाचून मलाही “चर्चा करावी” असंच लिहावंसं वाटलं. किती खोल्या? किती पैसे? कागद कुठे? साहेबांनी सही कशावर करायची? आता हे बघा:

“शाळेच्या दोन वर्गखोल्यांचे छत गळते. दुरुस्तीचा अंदाजित खर्च १ लाख ८० हजार रुपये आहे. अंदाजपत्रक पान ७ वर आहे. मंजुरीसाठी सादर.”

(आकडे तुमच्याच जोडपत्रातले आहेत. ते तुम्ही तिसऱ्या पानावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लपवले होते.)

आणि लाल शाई कशाला लागली तेही सांगते. ‘दुरूस्ती’ नाही, ‘दुरुस्ती’. ‘मंजूरी’ नाही, ‘मंजुरी’. तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) नसलेल्या शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो. गरीब पण गरिबी, वकील पण वकिली, मंजूर पण मंजुरी. हा एक नियम खिशात टाकलात तर निम्मी लाल शाई वाचेल. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम सगळे मिळून १८ आहेत. १४ आधीचे, १९६२चे, आणि ४ नंतर १९७२ला जोडलेले. अठराच! मोटार वाहन परवान्याच्या परीक्षेला याहून जास्त पाठ करावं लागतं.

पुस्तकं तीन. यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ आधी वाचा. त्यात नियम समजावून दिले आहेत, नुसते फेकलेले नाहीत. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ टेबलाच्या खणात ठेवा. तो वाचायचा नाही, अडलं की उघडायचा. तिसरा भाषा संचालनालयाचा ‘शासन व्यवहार कोश’. इंग्रजी पत्राला मराठीत उत्तर देताना नेमका शब्द हवा असतो, तेव्हा तो कामाला येतो. परीक्षेसाठी मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण तुमच्या ऑफिसातल्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांकडे नक्की असेल. त्यांच्याकडून मागून घ्या.

आणि एक घरचा अभ्यास. साहेबांनी एकदाही परत न पाठवलेली कुणाची तरी टिपणी ऑफिसात असेलच. जुन्या फाइलीतून ती शोधा आणि हातानं उतरवून काढा. मी नोकरीला लागले तेव्हा ग्रंथखरेदीचे प्रस्ताव असेच शिकले.

वय ४१, पुण्यात आयटीत. नोकरीचा कंटाळा आला आहे. नोकरी सोडून खाद्यपदार्थांचा व्यवसाय करायचं मनात आहे. हिंमत देणारं पुस्तक हवं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मला अधिकार आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

२००१-०२च्या सुमाराला आमच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. योजनेच्या नोटिशीआधी आठवडाभर पर्सोनेल विभागाकडून वाचनालयात एक खोकं आलं. आत स्पेन्सर जॉन्सन यांच्या ‘हू मूव्ह्ड माय चीज?’च्या ४० प्रती. दोन उंदीर, दोन चिमुकली माणसं, एक भुलभुलैया. एक दिवस चीज नाहीसं होतं. उंदीर लगेच नवं शोधायला पळतात, माणसं रडत बसतात. मी त्या प्रती दर्शनी रॅकवर मांडल्या. खोकं कशासाठी आलं हे मला तेव्हा कळलं नाही, असं म्हणायला आवडलं असतं. थोडंफार कळलं होतं.

एका टर्नरनं ते पुस्तक परत आणून दिलं आणि म्हणाला, “बाई, सगळं वाचलं. पण चीज नेलं कुणी, ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही की हो.”

मी हसले. त्याच्या हातात आणखी एक पुस्तक ठेवलं, मनासारखं जगा, उडी मारा, या धर्तीचं. त्यानं पैसे घेतले आणि मिसळीचं दुकान टाकलं. मिसळ चांगली होती, मी खाल्ली आहे. दीड वर्षात दुकान बंद झालं. पुढे रविवार कारंजावर भेटला तेव्हा त्यानं स्वतःच सांगितलं, एका प्लेटला किती खर्च येतो हे शेवटच्या महिन्यापर्यंत काढलंच नव्हतं. गिऱ्हाईक वाढेल तसा तोटा वाढत होता. माझ्या कपाटात, उजव्या हाताला, तिसऱ्या फळीवर कॉस्टिंगची चार पुस्तकं होती. मी त्याला हिंमतीचं दिलं.

म्हणून तुम्हाला हिंमतीचं देत नाही. विठ्ठल कामत यांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ वाचा, पण वेगळ्या चष्म्यातून. चर्चगेटजवळच्या वडिलांच्या ‘सत्कार’पासून विमानतळाजवळच्या ‘ऑर्किड’पर्यंतचा तो प्रवास लोक प्रेरणेसाठी वाचतात. तुम्ही पेन्सिल घेऊन वाचा आणि जिथे जिथे पैसा, जागा, माणसं, माल यांचा उल्लेख येईल तिथे खूण करा. त्यांना घरातूनच हॉटेलचं बाळकडू होतं, हेही समासात लिहा. मग एखाद्या ओळखीच्याच्या हॉटेलात पंधरा दिवस संध्याकाळी गल्ल्यावर बसा. नोकरी न सोडता. त्यानंतरही वाटलं तर मला पुन्हा लिहा, तेव्हा कॉस्टिंगचं पुस्तक सुचवेन. या वेळी तिसऱ्या फळीवरून सुरुवात करू.

कोल्हापूरला एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात १४ वर्षं आहे. या वर्षी माझ्या ऐवजी ६ वर्षांनी ज्युनियर मुलाला मॅनेजर केलं. ऑफिसमधलं राजकारण कसं हाताळायचं, यावर पुस्तक आहे का?

ढिगानं आहेत. ती वाचून माणूस राजकारणात तरबेज होत नाही, संशयी तेवढा होतो.

त्याऐवजी एक जुनं मराठी पुस्तक सांगते. शं. वा. किर्लोस्कर यांचं ‘यांत्रिकाची यात्रा’, लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. आधी कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१०ला तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुमच्यापासून ते गाव काही फार लांब नाही. रविवारी जाऊन या.

पण घाई करू नका. हे वाचून राजीनामा खरडणारे मी पाहिले आहेत. लक्ष्मणरावांचं भावाबरोबर सायकलचं दुकान १८८८पासून बेळगावात चालू होतं, हे त्याच गोष्टीत आहे आणि सगळे नेमकं ते विसरतात. राग होता, तसा पायाखाली दगडही होता. तुमच्या पायाखाली काय आहे? १४ वर्षांच्या रिजेक्शनच्या नोंदी? सँडमधला ओलावा, ब्लोहोल, श्रिंकेज हे ओतकामातले दोष, कुठल्या महिन्यात काय वाढतं, हे त्या पोराला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. ते वहीत आहे की नुसतं डोक्यात?

आणि साहेबांना एकदा सरळ विचारलंत का, “पुढच्या वेळी माझं नाव यायला काय कमी पडतंय?” पत्रात तसं दिसत नाही. पुस्तकाआधी ते करा.

रविवारच्या करमणुकीला लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांचं ‘द पीटर प्रिन्सिपल’ (१९६९) चालेल. माणूस बढत्या घेत घेत जे काम जमत नाही त्या जागेपर्यंत पोहोचतो आणि तिथेच राहतो, असा त्यांचा सिद्धांत. हसून हसून पुरेवाट होईल. मात्र हसताना फक्त त्या ज्युनियरला डोळ्यांसमोर आणू नका.

‘यांत्रिकाची यात्रा’ नव्या दुकानात शोधत बसू नका. करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. व्यवस्थापनाच्या कपाटात बघाल तर सापडणार नाही. चरित्रांत, ९२०च्या आसपास शोधायला सांगा. मिळालं तर कड कुठल्या पानापर्यंत काळी आहे, ते मला कळवा.